विमानाच्या गेममध्ये कोड टाकून जंबो लवकर मिळते का : सुट्टीतल्या नोंदी

गेम रोब्लॉक्सवरचा आहे, म्हणजे जिथं लोकांनी बनवलेले गेम ऑनलाइन खेळता येतात त्या ठिकाणचा, नाव मुद्दाम देत नाही, असे विमानाचे गेम तिथं ढिगानं आहेत आणि कोडचा कारभार थोड्याफार फरकानं सगळ्यांचा सारखाच. माझा भाचा गोलू, आठवीत गेला, सुट्टीत आमच्याकडे नागपूरला त्रिमूर्ती नगरात मुक्कामी आहे. ठरलं असं की शाळा उघडायच्या आत चार इंजिनांचं जंबो घ्यायचं, गेममधली किंमत २० लाख, आणि खिशातून रोबक्सवर, म्हणजे रोब्लॉक्सच्या विकतच्या चलनावर, एक रुपया घालायचा नाही. ही शेवटची अट ताईची, तिनं फोनवर दोनदा बजावली. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात त्यामुळे वेळेची अडचण नव्हती, उन्हाची होती, पण बाहेर जाताच येत नसल्यानं ती पण कामीच आली म्हणा.

४ मे

पहिला अख्खा सकाळचा वेळ कोड टाकायचा कुठं यातच गेला. रोब्लॉक्सच्या साइटवर "रिडीम" म्हणून पान आहे, गोलू तिथंच कोड टाकून राहिला होता आणि दरवेळी लाल अक्षरात नकार. ते पान गिफ्ट कार्डाचं आहे. रोब्लॉक्स कंपनी स्वतः जे प्रोमो कोड काढते ते वेगळे, त्यातनं तुमच्या बाहुल्याला टोपी, बॅग असलं काहीतरी मिळते. आणि गेममधली कॅश देणारे कोड हे गेम बनवणाऱ्यानं स्वतः काढलेले असतात, ते त्याच्या गेमच्या आतच टाकावे लागतात, बाहेर कुठंच चालत नाहीत. आमच्या गेममध्ये ती खिडकी सेटिंगच्या दातेरी चाकात सगळ्यात खाली, मोबाइलवर बोटानं वर सरकवल्याशिवाय दिसतच नाही. काही गेममध्ये दुकानाच्या पानावर असते.

अजून एक, काही कोड डेव्हलपरच्या, म्हणजे गेम बनवणाऱ्याच्या, ग्रुपमध्ये सामील झाल्याशिवाय लागत नाहीत. ग्रुप जॉइन केला तरी गेममधून एकदा बाहेर निघून परत आत यावं लागलं तेव्हा कुठं गेमला कळलं.

५ मे

"मामा, हे काऊन नाही चालून राहिलं? बरोबर तर टाकलं नं."

नव्हतं टाकलं. कोडमध्ये इंग्रजी कॅपिटल ओ होता, यानं शून्य टाकला. दुसऱ्यात कॅपिटल आय आणि स्मॉल एल, दोन्ही नुसत्या उभ्या काड्या. हाताने टाइप करायचं बंदच केलं, कॉपी-पेस्ट. तर तिथं पण वांधा, कॉपी करताना मागे एक स्पेस चिकटून येते आणि ती डोळ्याला दिसत नाही. पेस्ट केल्यावर कर्सर एकदम शेवटी नेऊन एकदा बॅकस्पेस मारा, शेवटचं अक्षर गेलं तर स्पेस नव्हती, काहीच गेल्यासारखं दिसलं नाही तर तीच गेली. फोनचा कीबोर्ड आपल्या मनानं पहिलं अक्षर मोठं करते ते पण बंद करून ठेवलं. एवढं केल्यावर कालचे "बंद पडलेले" समजून सोडलेले कोड धडाधड लागले. कॅश आली. पोट्टा खाटेवर नाचला.

७ मे

आज नवीन अपडेट आलं आणि त्यासोबत नवीन कोड, पण टाकला की "असा कोडच नाही". दुसऱ्या पोरांना लागून राहिला होता, आम्हाला नाही. कारण असं निघालं की अपडेट आलं तरी आधीपासून चालू असलेले सर्व्हर जुन्याच आवृत्तीवर चालत राहतात, ते रिकामे झाले किंवा बंद केले तरच नवीन येते. आम्ही ज्या सर्व्हरवर सकाळपासून बसलो होतो त्याला तो कोड माहीतच नव्हता. गेममधून निघून परत घुसलो तर परत त्याच जुन्यात जाऊन पडलो. मग गेमच्या पानावर सर्व्हरची यादी असते त्यातनं दुसरा निवडला, तिथं चालला. या गेममध्ये प्रायव्हेट सर्व्हर, म्हणजे फक्त आपल्यापुरता, फुकट आहे, तो नवीन सुरू केला की ताज्या आवृत्तीवरच सुरू होते, म्हणून आता कोड टाकायचा तर तिथं जाऊनच टाकतो. ज्या गेममध्ये त्याला रोबक्स लागतात तिथं यादीतनंच निवडा.

९ मे

कोडांची मिळून सव्वा लाखाच्या आसपास कॅश जमली होती. सकाळी मी बर्डीच्या बाजारात कामानं गेलो, परत येईपर्यंत त्यातली बहुतेक उडाली होती. साहेबांनी लाल पट्ट्याचं छोटं जेट घेतलं, दिसायला झकास, प्रवासी फक्त सहा. भाडं प्रवाशांमागे मिळते, म्हणजे सहा जण घेऊन कितीही जोरात पळवा, कमाई आधीच्या एका इंजिनाच्या विमानापेक्षा थोडीच वर. विकायला गेलो तर अर्धीच किंमत परत. ५५ हजार असे हवेत गेले.

मी फार बोललो नाही. पण ज्यांना हे करायचं आहे त्यांनी कोडची कॅश आली की विमानाचा वेग बघू नका, एका फेरीचं भाडं भागिले किंमत एवढंच बघा. आम्ही मग उरलेल्यात जुनं दोन पंख्यांचं विमान घेतलं, दिसायला एसटीच्या लाल डब्यासारखं, पण जागा ४० आणि त्याच विमानानं पुढचं सगळं उभं केलं.

१२ मे

"रविवारपर्यंत" असं लिहिलेला कोड आज सोमवारी सकाळी ११ ला टाकला आणि लागला. गोलूला चमत्कार वाटला. डेव्हलपर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा आहे, त्यांचा रविवार रात्री १२ ला संपते तेव्हा आपल्याकडे सोमवार दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, उन्हाळ्यातलं सांगून राहिलो, हिवाळ्यात ते घड्याळ एक तास मागे घेतात तर दीड होतात. म्हणून तारीख गेली दिसली तरी टाकून बघायचा, काही जात नाही. उलट रोजचं बक्षीस या गेममध्ये जागतिक वेळेनुसार बदलते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. रात्री १२ पर्यंत जागून "आलं का आलं का" करण्यात अर्थ नाही. हे कळल्यापासून पोट्टा पहाटे उठून राहिला, आईला वाटलं अभ्यासाला उठते, तिनं कौतुकानं दूध गरम करून दिलं.

१५ मे

आजची नोंद मोठी आहे, कारण सगळ्यात जास्त वेळ इथं वाया गेला आणि सगळ्यात जास्त फायदा पण इथंच झाला.

कोड दोन जातीचे असतात. एक रोकड देणारे, टाकले की झालं. दुसरे बूस्टवाले, दुप्पट कॅश ३० मिनिटं. या बूस्टचं घड्याळ कोड टाकल्या टाकल्या सुरू होते, थांबवायचं बटण नाही, गेम बंद केला तरी ते पळतच राहते. गोलूनं पहिले दोन बूस्ट विमान गेटवर उभं असताना टाकले. मग प्रवासी चढले, मग टॅक्सी, म्हणजे रनवेपर्यंत हळूहळू सरकणं, मग रनवेवर दुसऱ्यांची रांग, आणि लांबची फ्लाइट उतरेपर्यंत वेळ संपलेला. दुप्पट काय, काहीच नाही.

बसून बघितलं तर पैसे मिळतात ते प्रवासी उतरताना, एका झटक्यात, आणि बूस्ट आहे की नाही हे त्या क्षणालाच बघितलं जाते. मग उलटं केलं. लांबची फ्लाइट आधी बूस्टशिवाय उडवायची, रनवे समोर दिसायला लागला की कोड टाकायचा. उतरलं, गेटला लागलं, भाडं दुप्पट. आता हातात २५-२६ मिनिटं उरतात, त्यात २० मिनिटांची एक फ्लाइट आणि वेळ उरला तर बाजूच्या बेटाची एक उडी. एका बूस्टमध्ये दोन मोठी भाडी दुप्पट होतात, आधी एक पण होत नव्हतं. फक्त कोड टाइप करायला उतरतानाच बसू नका, आधी कॉपी करून ठेवा, नाहीतर खिडकी उघडली की विमान दिसत नाही आणि मग समुद्रात.

हे जमलं म्हणेपर्यंत दुसरी कटकट. दुपारी कूलर लावला की व्होल्टेज खाली, राऊटर बंद पडून परत चालू, आणि स्क्रीनवर एरर २७७, म्हणजे कनेक्शन गेलं. भाडं गेटवरच मिळत असल्यानं हवेत तुटलं की फ्लाइट फुकट, बूस्ट पण जळाला. कूलर बंद ठेवून बघितला, दहा मिनिटांत आईनंच परत लावला, ४४ डिग्रीत तिचं काय चुकलं. शेवटी २५० रुपयांची एक्स्टेन्शन आणून राऊटर इन्व्हर्टरच्या बोर्डावर घेतला. या सगळ्या प्रकल्पात कामाचा झालेला हा एकच खर्च.

आणि तिसरं, एरर २७८. ऑटोपायलट लावून हा जेवायला बसला, आला तर बाहेर फेकलेला. रोब्लॉक्स २० मिनिटं काहीच हात लावला नाही तर काढून टाकते. ऑटोपायलट विमान चालवते पण तुम्ही जागे आहात हे ते सांगत नाही. अधूनमधून कॅमेरा फिरवला तरी पुरे. आपोआप टकटक करणारे ॲप मिळतात म्हणतात, आम्ही वापरले नाहीत, अकाउंट गेलं तर जमलेली कॅश पण जाईल आणि जंबो पण.

१८ मे

९९ रुपये गेले. एका व्हिडिओखाली "व्हीआयपी कोड, ५ लाख कॅश, कुठंच नाही मिळणार" असं लिहून कोणीतरी नंबर टाकला होता. गोलूनं आजोबांच्या फोनवरून पैसे पाठवले, आजोबांना वाटलं रिचार्ज. त्यानंतर कोड "अनलॉक" करायला अजून २९९ मागतले. नाही म्हटलं तर म्हणे रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. आजोबा पिन टाकणारच होते तेवढ्यात मी आलो. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन मागतला म्हणजे तुमच्याच खात्यातून जाणार. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, ते ९९ परत येतील अशी आशा नाही पण नंबर तर नोंदला गेला.

मग गोलूच्या फोनची झडती घेतली. कोड जनरेटर म्हणणाऱ्या दोन साइट उघडलेल्या होत्या, एक म्हणे तुम्ही माणूस आहात हे दाखवायला हे दोन ॲप टाका. कोड काढणारा डेव्हलपर एकटा, यादी त्याच्या सर्व्हरवर, बाहेरची साइट कोड "तयार" करेल कशी? अजून एक भयानक प्रकार त्याच्या मित्रासोबत झाला, लॅपटॉपच्या ब्राउझरमधनं एक लांबलचक ओळ कॉपी करून आम्हाला पाठव म्हणून सांगितलं आणि त्या पोरानं पाठवली. ती लॉगिनची कुकी. ती ज्याच्या हातात पडली त्याला पासवर्ड पण लागत नाही. रोब्लॉक्सनं त्या ओळीच्या सुरुवातीलाच इंग्रजीत लिहून ठेवलं आहे की हे कोणाला देऊ नका, पण वाचते कोण. गोलूच्या अकाउंटला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर अजून एक कोड मागणारी सोय, लावली, मेल आयडी ताईचा टाकला.

१९ मे

आजोबांनी फोनला लॉक लावला. पिन सगळ्या घराला माहीत आहे.

२५ मे

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. दुपारी गल्लीत कुत्रं दिसत नाही, आमचं विमान उडून राहिलं.

कोड आटले. नवीन येते ते महिन्याकाठी एखाददुसरं, गेमला अमुक हजार लाईक झाले की. म्हणून आता भाडं वाढवायच्या मागे लागलो. या गेममध्ये लँडिंग गुळगुळीत झालं तर भाड्यावर चौथाई बोनस आहे, तो आम्हाला क्वचितच मिळत होता. खालच्या मजल्यावरचे काका विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये आहेत, त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "अबे तू नाक खाली दाबून उतरवते, म्हणून स्पीड वाढते. पॉवर कमी कर, ते आपोआप खाली येते. नाकानं स्पीड सांभाळ."

मग त्यांनी कागदावर हिशेब लिहून दिला. खरी विमानं साधारण ३ अंशाच्या उतारानं येतात, १००० फूट खाली यायला ३ नॉटिकल मैल धरायचे. ३००० फुटांवर असाल तर ९ मैलांआधीच उतरायला लागा. आणि मिनिटाला किती फूट खाली यायचं तर नॉटमधला (तासाला नॉटिकल मैल) वेग गुणिले ५, म्हणजे १४० नॉटला ७००. छोट्या सेसना १७२ सारख्याला ६५ नॉटला सव्वातीनशे. गोलू रनवेच्या तोंडावर ३००० फुटांवर पोचून मग खाली झेपावत होता, बोनस कुठून येणार. आता रनवेवर आल्यावर पॉवर पूर्ण बंद, नाक जरासं वर, आणि थांबायचं. मोबाइलवर हे अंगठ्यानं करायचं असल्यानं जॉयस्टिक पूर्ण ओढू नका, निम्म्यापेक्षा कमीच, नाहीतर विमान परत वर उठते आणि मग आपटते. बोनस आता बहुतेक वेळा मिळते.

काकांनी जाता जाता रनवेवरच्या आकड्याचं पण सांगतलं. आपल्या सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, रनवेवर एका टोकाला १४ आणि दुसऱ्या टोकाला ३२ लिहिलेलं आहे, म्हणजे १४० आणि ३२० अंशाची दिशा, शेवटचं शून्य काढून. गेममधल्या रनवेवर पण तसंच आहे. ढगात रनवे दिसत नसला तरी होकायंत्र त्या आकड्यावर आणलं की समोरच सापडते. इतके दिवस आम्ही ते गेटचे नंबर समजून राहिलो होतो.

१ जून

बेस बदलला. आम्ही नकाशाच्या पूर्वेच्या मोठ्या शहरातून उडत होतो, तिथून पश्चिमेच्या बेटाला भाडं झकास, पण परत येताना विमान निम्मं रिकामं. मधल्या बेटावर कोणी खेळाडू थांबत नाही, दिसायला साधं आहे म्हणून. तिथं हँगर घेतला, २० हजार लागले, आणि आता चारी दिशांना भरलेलं जाते, भरलेलं येते. एका फेरीचं भाडं आधीपेक्षा कमी आहे पण रिकामी फेरी नाही, संध्याकाळी गल्ला जास्त.

बाबांना दाखवलं तर ते म्हणाले यात नवीन काय, आपल्या नागपुरातच हे होऊन गेलं. १९४९ मध्ये रात्रीची टपाल सेवा सुरू झाली होती, दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारी शहरांतून विमानं निघायची, मध्यरात्री सोनेगावला जमायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या गावी परत. कोणालाच देशाच्या या टोकाहून त्या टोकाला जायची गरज नाही. गोलूनं लगेच मधल्या बेटावरच्या हँगरचं नाव "सोनेगाव" ठेवलं. गेमनं नाव घेतलं, मराठी अक्षरं मात्र चौकोन चौकोन दिसतात.

८ जून

हिशेब मांडला. आतापर्यंत साडेचौदा लाख कमावले. त्यात रोकड कोडांचे जेमतेम दीड लाख, आणि त्यातले ५५ हजार लाल जेटनं खाल्लेले. बूस्ट कोडांनी वरचे सव्वादोन लाख दिले, ते पण वेळ साधून टाकल्यावरच. बाकी सगळं भाडं आणि लँडिंगचा बोनस. रोकड कोड कामाचे फक्त पहिल्या दोन-तीन दिवसांत, तेव्हा एका फेरीला हजार रुपडे मिळतात आणि कोड १० हजार देते. आता एका फेरीलाच २२ हजार येतात, त्याच १० हजाराच्या कोडसाठी पोट्टा अर्धा तास व्हिडिओ बघत बसते, तेवढ्यात एक फेरी झाली असती. हे त्याला मी तीनदा सांगतलं, पटत नाही, कोड लागला की हिरवं अक्षर चमकते त्याचा आनंद वेगळाच म्हणते. असो.

मध्ये एक १०० जागांचं जेट घेतलं, ३ लाख. हे घ्यायचं की सरळ जंबोसाठी साठवायचं यावर दोन दिवस भांडण झालं. घेतलं ते बरंच झालं, आठवड्याच्या आत वसूल झालं.

११ जून

पहिला पाऊस, त्यासोबत लाइट गेली, टॉवर पण गेला. इन्व्हर्टरवर राऊटर चालू, पण इंटरनेटच्या वायरवाल्याचाच डबा बंद. संध्याकाळ पूर्ण गेली. बूस्ट कोड टाकलेला नव्हता हे नशीब.

१७ जून

जंबो आलं. चार इंजिनं, वर कुबड, पोट्ट्यानं आधी दहा मिनिटं नुसतं बाहेरून फिरून बघितलं. काकांना बोलावून आणलं, ते म्हणाले खरं जंबो म्हणजे बोइंग ७४७, ते बनवणं बंद झालं, शेवटचं जानेवारी २०२३ मध्ये गेलं, तू उशिरा घेतलं.

पहिली फेरी मोठ्या शहराला, भाडं लाखाच्या वर. दुसरी फेरी सोनेगावला, म्हणजे आमच्या मधल्या बेटाला, आणि रनवे संपला तरी जंबो थांबलं नाही, चाकं पाण्यात. दुरुस्ती १८ हजार. तिथल्या रनवेची लांबी नकाशावर बेटाच्या नावावर बोट दाबून धरलं की दिसते, आणि विमानाला किती लागते ते दुकानात त्याच्या चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलेलं आहे, घ्यायच्या आधी दोन्ही जुळवून बघा. आता जंबो फक्त दोन मोठ्या शहरांमध्ये चालवतो आणि मधल्या बेटावर १०० जागांचं जेट ठेवलं आहे. दोघं मिळून खेळायचं असेल तर हे बरं पडते, एक अकाउंट त्याचं, एक माझं. माझ्या अकाउंटवर अजून सगळे रोकड कोड टाकायचे बाकी आहेत, उद्या पहाटे साडेपाचच्या बक्षिसासोबत टाकतो.